मुकटा धुवायचा नसतो

भाद्रपद लागला की घाटकोपरच्या आमच्या या उंच, काचेच्या खिडक्यांच्या घरातसुद्धा कपाट उघडताना तो वास येतो. ओलसर, कुबट, जरासा आंबूस. डांबराच्या गोळ्या ठेवा, कापूर ठेवा, सुनेने आणलेली ती सुगंधी पिशवी ठेवा, तो आपला सगळ्यांना पुरून उरतो. आणि तो आला की माझा हात आपोआप कमरेकडे जातो, उजव्या बाजूला, नेसूची गाठ येते तिथे. आता तिथे काही नाही. कितीतरी वर्षांत नाही. तरी जातोच.

परवा माझी नात रेवा जिममधून आली आणि दारातच टी-शर्ट जरा वर करून म्हणाली, "आजी, हे बघ ना यार, काय झालंय!"

कमरेवर लालसर वर्तुळ होतं. कडा उठलेली, बारीक पुळ्यांची, आणि मधली कातडी साफ. मी मटकन कोचावर बसले. "अगं बाई, गजकर्ण!"

"ओरडतेस काय? फंगल आहे. जिममध्ये अर्ध्या जणींना झालंय. ती मॅट कुणी पुसत नाही ना." तिचा बाप समोर पेपर वाचत बसला होता. त्याच्यादेखत हे सगळं! त्यानेही मान वर करून "डॉक्टरला दाखव" एवढंच म्हटलं आणि पान उलटलं. मला धक्का बसला तो वर्तुळाचा नव्हे. ते असं भर दुपारी, चहाच्या वेळी, मोठ्याने दाखवता येतं याचा बसला. याच वर्तुळापायी माझा संसार मांडण्याआधीच मोडायची वेळ आली होती.

साठचं दशक संपत आलं होतं. वैशाखात लग्न होऊन मी अंधेरीहून मुलुंडला आले. सासरचं घर तळमजल्यावरचं, मागे विहीर, पुढे केळी, आणि भिंती अशा की पावसाळ्यात हात टेकवला तर तळवा ओला व्हावा. आषाढापासून त्या घरात काही कोरडं म्हणून राहत नसे. काडेपेटीतल्या काड्यांना नुसतं घासून घासून टक्कल पडायचं. मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं. स्वयंपाकघरापासून माजघरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर सगळ्या घराचे कपडे लोंबत असायचे, त्यांच्याखालून वाकून वाकून वावरायचं. वाळायचे कसले, उबायचे नुसते.

आणि बुरशी! चपलांवर हिरवी, लोणच्यावर पांढरी, सासऱ्यांच्या कातडी पट्ट्यावर राखाडी, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर काळे ठिपके. रोज सकाळी आम्ही जावाजावा फडकं घेऊन ती पुसत असू. पुसता पुसता एकदाही मनात आलं नाही, की जिला चामडं आवडतं तिला आपलं कातडं का आवडू नये? आता आठवलं की स्वतःच्याच अकलेचं नवल वाटतं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती उगवत होती आणि आम्ही मात्र स्वतःला वस्तूंच्या बाहेर समजत होतो.

त्या घरात सोवळं कडक. माझ्या सासूबाई, माई, चातुर्मासात नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यातच करीत, आणि सुनांनीही तो तसाच करायचा. एरवी सुती सोवळं धुऊन उंच काठीवर वाळत घालायचं आणि कुणाचा हात न लागता नेसायचं. पण पावसात सुती वाळणार कसं? त्यावर पूर्वजांनी तोड काढून ठेवली होती. रेशमाला विटाळ नाही. रेशमी वस्त्र रोज धुवायचं कारण नाही. म्हणून आषाढ ते आश्विन एक मुकटा असे. मुकटा म्हणजे सोवळ्यात नेसायचं जाड रेशमी वस्त्र. आमचा डाळिंबी रंगाचा होता, माईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला, हाताला तेलकट आणि नाकाला धूर, तूप, कापूर नि घाम असा सगळा मिळून वास येणारा. त्या दिवशी जिच्याकडे स्वयंपाक तिने आंघोळ करायची, अंग पुसायचं नाही, कारण पुसायचा पंचा ओवळा, आणि ओल्या अंगाला तो मुकटा गच्च गुंडाळून चुलीपाशी बसायचं. दुपारी सोडून काठीवर टाकायचा. दुसऱ्या दिवशी दुसरीने नेसायचा.

श्रावणात माईंनी काठीने तो मुकटा उतरवून पहिल्यांदा माझ्या हातात दिला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. या घराने आपल्याला घेतलं असं वाटलं. माई म्हणाल्या, "जपून हो शालिनी. याला कधी पाणी लागलेलं नाही." त्या हे अभिमानाने म्हणाल्या आणि मीही ते अभिमानानेच ऐकलं.

दोनेक आठवड्यांत कमरेला खाज सुटली. आधी वाटलं घामोळं. मग एक ठिपका, मग त्याचं कडं, मग कड्याला चिकटून दुसरं कडं. खाज तरी कशी! चारचौघांत हात नेता येत नाही अशा जागी. भाजी चिरताना, हळदीकुंकवाला बसल्यावर, आरतीला उभं राहिल्यावर ती बरोब्बर उठायची. मी परकराच्या नाडीला दोष दिला, मुलुंडच्या पाण्याला दिला. नवऱ्यापासूनही लपवलं. नवी नवरी, कोणत्या तोंडाने सांगणार?

एका सकाळी न्हाणीत केस धुताना पाठीवर पाणी घालायला माझ्या थोरल्या जाऊबाई, सुधाताई, आल्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच थांबला. "हे काय गं?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, किळसेने पडला. त्या तांब्या ठेवून बाहेर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत माईंना कळलं.

माईंनी मला माजघरात बसवलं. दार लोटलं. "लग्नाआधी होतं का हे?"

"नाही हो माई. इथे आल्यावर झालं."

"इथे? या घरात?" त्यांच्या आवाजाला एकदम धार आली. "आमच्याकडे आजवर कुणाला काही नाही. तुझे वडील कपडेपटात आहेत ना त्या स्टुडिओत? शंभर जणांनी घातलेले कपडे हाताळायचे आणि तेच हात घेऊन घरी यायचं. तिथलंच आहे हे. आईने तुझ्या आम्हाला सांगायला नको होतं?"

माझे वडील अंधेरीच्या एका सिनेमा स्टुडिओत कपडेपट सांभाळत, हे खरं. राजाचा अंगरखा आज एकाच्या अंगावर, उद्या दुसऱ्याच्या. पण तिथला प्रत्येक अंगरखा उन्हात पडायचा, नाहीतर इस्त्रीखालून जायचा, मगच दुसऱ्याच्या अंगावर चढायचा. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी नुसती रडत होते. बोलणं बसलं होतं ते माहेराला आणि मला वाटत होतं, खरंच असेल की काय?

"गौरी तोंडावर आल्यात," माई म्हणाल्या. "असलं अंग घेऊन देवाचं करता यायचं नाही. माहेरी जा. बरं झालं की कळवू."

"कळवू" हा शब्द मी नीट ऐकला. बरं झालं की ये, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पहिल्या वर्षीचा नव्या सुनेचा गौरीचा ओवसा, सुपं भरून गौरीपुढे ठेवायचा सोहळा, सगळी आळी बघायला येणार, आणि नवी सून माहेरी! लोक काय समजायचं ते समजणारच होते. सुधाताई दाराआड उभ्या होत्या. माझी वळकटी त्यांनीच बांधली, ती माझ्याकडे न बघता.

अंधेरीला आईने दार उघडलं, मला बघितलं, मागे रिकामा रस्ता बघितला आणि तिथेच उंबऱ्यात बसली. सगळं ऐकल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती आजही डोळ्यांसमोरून जात नाही. आतल्या खोलीत गेली, हातआरसा घेतला आणि स्वतःची पाठ, काखा, कंबर बघू लागली. माझ्यापासूनच गेलं असेल का गं? असं ती आरशालाच विचारत होती. वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तिने कुंपणालगतचा टाकळा खुडून आणला, पाला वाटला, लिंबाच्या रसात कालवून माझ्या कमरेवर थापला. अशी आग झाली की मी घरभर नाचले. पाल्याने सालपटं निघाली, खाज दोन दिवस दबली, आणि मग कडं जणू चिडून मोठं झालं.

इथे जरा थांबून सांगते, कारण रेवाही तेच करत होती. मैत्रिणीने दिलेली एक ट्यूब ती चोळत होती. लावली की लाली जाते, खाज जाते, पोरगी खूश. मी ती ट्यूब काढून घेतली आणि तिला हाताला धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ट्यूब वाचली आणि कपाळाला हात लावला. "यात खाज दाबणारं स्टेरॉइड आहे. ते बुरशीला मारत नाही, अंगाचा पहाराच झोपवतं. मग बुरशी आतल्या आत मोकाट पसरते," ते म्हणाले. औषधाच्या दुकानात विचारून आणलेलं, दुसऱ्याचं उरलेलं, असं काही लावू नका आणि डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस औषध पुरतं करा, दिसायचं बंद झालं म्हणून थांबू नका. हे ऐकताना मला आमचा टाकळा आठवला आणि हसूही आलं. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी खाजेपुढे त्याची अक्कल तेवढीच.

रविवारी श्रीधर, माझा नवरा, अंधेरीला आला. वडिलांसमोर मान खाली घालून बसला. मग मला गॅलरीत बोलावून त्याने बाही दुमडली. दंडाच्या आतल्या बाजूला तेच कडं, रुपयाएवढं. "मलाही झालंय गं," तो म्हणाला. "आईला सांगितलं असतं तर तिने तुलाच बोल लावला असता. म्हणून गप्प बसलो." मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी इतका आधार वाटला की मी त्याचा दंड धरूनच रडले. आपण एकटी नाही, ही केवढी गोष्ट! तो म्हणाला, "चल, डॉक्टरांकडे जाऊ. पाला पुरे झाला."

मुलुंडात डॉक्टर मंजुळाबेनचा दवाखाना होता. गुजराती बाई, पांढरी सुती साडी, मराठी फर्डं आणि बोलणं रोखठोक. त्यांनी श्रीधरचा दंड बघितला, माझं कडं बघितलं, बोथट सुरीने कडेची सालपटं काचेवर खरवडली, थेंबभर औषध टाकलं आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ये, बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. पाण्यात शेवया पसराव्यात तसे पारदर्शक धागे, त्यांना फाटे, फाट्यांना गाठी. "हे काय?"

"बुरशी. फंगस. तुझ्या कातडीत उगवलीय."

"माझ्यावर? बुरशी?" मी किंचाळलेच. "मी काय शिळा पाव आहे?"

"पावापेक्षा बरी आहेस. ऊब आहे, ओल आहे. तिला अजून काय पाहिजे?" मंजुळाबेन हसल्या. माझ्या मात्र अंगावर सरसरून काटा आला. रोग म्हणजे ताप, रोग म्हणजे पाप, रोग म्हणजे कुणाची तरी दृष्ट, इथवर मला माहीत होतं. रोग म्हणजे एक झाड, जे आपल्यावर रुजतं, वाढतं, आणि बिया टाकून दुसऱ्याकडे जातं, हे त्या काचेने मला पहिल्यांदा दाखवलं. किळस आली, भीती वाटली, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. झाडाला माहेर-सासर कळत नाही ना.

"तुम्हा दोघांखेरीज घरात अजून कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"नसेल कसं? आणि तुझं हे असं पट्ट्यासारखं का आहे? इथे काय बांधतेस घट्ट?"

मी सांगितलं. आंघोळ, ओलं अंग, चूल, मुकटा. मंजुळाबेनची लेखणी थांबली. "कोण कोण नेसतं?" आम्ही तिघी. "आणि धुता केव्हा?"

मी श्रीधरकडे बघितलं. श्रीधरने माझ्याकडे बघितलं. "धुवायचा नसतो," मी म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच मला दरदरून घाम फुटला. देवघराच्या बाजूला, कुणाचा हात पोचू नये म्हणून उंच टांगलेली, सगळ्या घरातली सगळ्यात पवित्र वस्तू! काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. मंजुळाबेननी समोरचा कागद बाजूला सारला. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "मी येते तुमच्या घरी."

दुपारची वेळ होती. पुरुषमंडळी ओसरीवर बसली. माजघरात माई, सुधाताई, मी आणि मंजुळाबेन. मला परत आलेली बघून माईंचा चेहरा कठीण झाला होता. मंजुळाबेननी फार गोड काही केलं नाही. ही बुरशी आहे, कपड्यातून जाते, कोणाकोणाला आहे ते आत्ता सांगा, नाहीतर हिला औषध देऊन उपयोग नाही, असं सरळ म्हणाल्या.

मग सुधाताई मुसमुसायला लागल्या. पदर बाजूला करून त्यांनी गाठ सैल केली. माझ्याहून दुप्पट, जुनं, काळवंडलेलं, कमरेभोवती अर्धं फिरलेलं कडं. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच काहीतरी पाप. न्हाणीत हिचं बघितलं आणि जीव भेदरला. माझं कळू नये म्हणून हिचं सांगितलं." मी थिजले. ज्या बाईने माझी चहाडी केली तिच्या अंगावर तेच होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी कोण आणि चोर कोण? सगळ्याच अळीमिळी गुपचिळी करून एकाच आगीवर बसलेल्या. राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचं सगळं सरळ झालं. नव्या निघालेल्या गोळ्या मिळाल्या, तुपाच्या जेवणानंतर घ्यायच्या. कित्येक आठवडे घ्याव्या लागल्या. आग करणारं मलमही होतं. प्रत्येकीचा पंचा वेगळा झाला, आंघोळीनंतर अंग, बोटांच्या बेचक्या, कंबर कोरडी पुसायची असं ठरलं, ऊन पडलं की कपडे बाहेर, नाही पडलं तर इस्त्री. मुकटा माईंनी स्वतः बंबाच्या कढत पाण्यात सोडा घालून टाकला. त्याचा पार बोळा झाला. बरं व्हायची वाट बघायची गरज नाही, स्वतःचं स्वच्छ कोरडं नेसलं की झालं, असं मंजुळाबेननी सांगितल्यामुळे त्या वर्षी माझा ओवसा झाला. मी धुतलेलं, इस्त्रीने वाळवलेलं सुती नेसले होते आणि आळीतल्या बायकांच्या भुवया वर गेल्या होत्या. गेल्या तर गेल्या.

पण हे नंतरचं. त्या दुपारी सुधाताईंचं रडणं थांबल्यावरही माई भिंतीला टेकून उभ्याच होत्या. मला वाटलं, आता या मुकट्याची बाजू घेऊन मंजुळाबेनना चार शब्द सुनावणार. त्या पुढे आल्या आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी नेसूची गाठ सोडली. मी आजवर तसं काही पाहिलेलं नाही. कंबरभर, मांड्यांपर्यंत, कातडी हत्तीसारखी जाड आणि काळी, कड्यांत कडी गुंतलेली. कुणालाही, कधीही, एका शब्दाने न सांगता बाळगलेलं. मंजुळाबेनच्याही तोंडून "अरे रे" निघून गेलं.

"कधीपासून, माई?"

"नवी आले तेव्हापासून. पहिल्या श्रावणात झालं. सासूबाईंनी मलाही माहेरी धाडलं होतं. वर्षभर आणलं नाही." माई भिंतीकडे तोंड करूनच बोलत होत्या. "मग आणलं, तेव्हा बरी झाले म्हणून खोटं सांगितलं."

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे मुकट्यातून आलं म्हणता. म्हणजे ते माझ्या माहेरचं नव्हतं?"

"नव्हतं, माई. याच घरातलं. तुम्ही यायच्या आधीपासूनचं."

माई वळल्या. गाठ बांधायचं त्यांना भान नव्हतं, नेसू हाताने नुसतं धरलेलं. ओसरीवर श्रीधर होता, तिकडे त्यांनी बोट केलं.

"माझी आई यायची हो बाळंतपणाला. हा झाला तेव्हा आली, थोरला झाला तेव्हा आली. कधी घेतलं नाही तिने कुणाला मांडीवर. माझ्यापासून मुलीला लागलं, आता नातवंडांना नको, म्हणायची. लांबून बघायची आणि हात पाठीमागे बांधून ठेवायची."